दीड शेराची पोरगी

९ जानेवारी १९७४, वर्धा
मुलगी झाली. पहाटे. दिवस भरायच्या दोन महिने आधीच. इवलीशी. बल्ब लावलेल्या काचेच्या पेटीत ठेवली आहे. म्हाताऱ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तीन पौंड." सिस्टरच्या कार्डावर १४०० ग्रॅम. मायनं पेटीत नजर टाकली अन् निकाल दिला, "दीड शेराची हाये." तिघींचं बरोबर, मापं तेवढी वेगळी. जगेल का, ते कोणी सांगेना. सुमनला ताप, खाटेवरून उठू देत नाहीत. तिनं पोरीला ओझरतंच पाहिलं.

१० जानेवारी
शाळेत मुख्याध्यापकांना रजेचा निरोप धाडला. सुमनला सांगताना किलो म्हटलंच नाही. दीड किलोसुद्धा नाही, हे कोणत्या तोंडानं सांगणार? चौदाशे म्हटलं की जरा भरल्यासारखं वाटतं. ती हसली. "चौदाशे! मंग तं लय झाली."
मायला पटेना. "ग्रॅमनं दवाई मोजतेत रे, पोट्टी नाई." चिडलो. अल्लीपूरच्या शाळेत शेर म्हणणाऱ्याला मी बाकावर उभं करतो, अन् घरात हे! दवाखान्याच्या ओट्यावर बसून दशमान पद्धत किती सोपी ते तिला समजावत राहिलो. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग डबा उघडून भाकर पुढे केली, "खाय आता." सकाळपासून पोटात काही नव्हतं, माझ्या ध्यानातच नव्हतं.

१२ जानेवारी
वजन उतरलं. १३२०. सिस्टर म्हणते, पहिले काही दिवस सगळ्यांचंच उतरतं. उतरत असेल. पण हिच्याजवळ उतरायला आहे काय?
सुमननं विचारलं, "किती भरली आज?" तोंडून निघून गेलं, "दीड शेर." शेरात एवढीशी घट कळत नाही. वर्गात मी हाच त्याचा दोष सांगतो. मायनं माझ्याकडे पाहिलं.

१३ जानेवारी
ताप उतरला. सुमन उठून बसली.
"काल शेर काऊन सांगितला तुम्ही?"
मी तिची चादर सारखी करू लागलो.
"ग्रॅमचे मास्तर नं तुम्ही. कमी झाली नं?"
हो म्हटलं, अन् मलाच रडू फुटलं. वॉर्डातल्या चार बायका पाहत होत्या. तिनंच पदरानं माझे डोळे पुसले. "आता ग्रॅमातच सांगजा. कमी असली तरी. माही बी पोरगी हाये." एवढं शहाणपण हिच्यात कुठून आलं? फार माया आली तिच्यावर.

१४ जानेवारी
संक्रांत. मायनं सिस्टरच्या हातावर तीळगूळ ठेवला. सुमनला धरून पेटीपर्यंत नेलं, आज वजन तिच्यासमोर. पोरीला काट्यावर ठेवलं अन् तिनं हातपाय झाडायला सुरुवात केली. काटा मागे-पुढे, एका जागी ठरेना. सिस्टर वैतागली, "थांब नं वं जराशी!" सुमननं माझं मनगट घट्ट धरलं. आकडा तिलाही हवा होता, मलाही. तरी मनातल्या मनात म्हणत होतो, थांबू नको पोरी, हालत राह्यजो.