आमचं घर शेवटी

अण्णा, आपल्या टेकडीवर आता मशीन चाललंय. तुम्ही घण घालून महिनाभर फोडायचात तेवढा दगड दुपारच्या आत खाली येतो. वर फ्लॅट होणार म्हणे. तुम्ही जाऊन दहा वर्षं झाली, तुम्हाला काय त्याचं! सगळ्यांच्या आधी आलात तुम्ही, आणि खालची सपाट जागा सोडून टोकावर जाऊन बसलात. का, तर मागून येणाऱ्यांना विहीर जवळ पडावी. आई घागरी घेऊन चढायची, तिचे गुडघे तुम्हाला कधी दिसले नाहीत. नियमही तुमचाच. मराठी असो, कन्नड असो, तमिळ असो, नवीन आलेल्यानं आधी एक पायरी घडवून बसवायची, मग भिंत उचलायची. जितक्या पायऱ्या तितकी घरं. सगळ्यात खालची, पहिली, आपली.

मग हक्कपत्रासाठी कारकून आला. घर बघूनच नाव लिहायचा. तुम्ही अर्ध्या चढावरच्या कट्ट्यावर बसून खोकताय आणि एकेकाला पुढे ढकलताय. "आधी यांचं लिहा. आमचं घर शेवटी." शेजारीण हसली, "अण्णा, पंगतीतही शेवटी, इथंही शेवटी? भात उरेल का?" नाहीच उरला. सगळ्यांना कागद मिळाले, आपल्याला घर खाली करायची नोटीस. कचेरीत म्हणाले, यादी बंद झाली. त्यानंतर तुम्ही होतात तोवर रोज ताट वाढताना मी ऐकवलं, "जेवा आता, सगळं गाव जेवलं." तुम्ही एकदाच म्हणालात, "सरी, बरं बाई, माझंच चुकलं," आणि भात कालवत राहिलात.

आता यशवंतपूरला भाड्याच्या खोलीत राहते. मागच्या आठवड्यात जाऊन आपली पायरी उपटून आणली, ऑटोवाल्याशी भांडून. तिच्यावर कपडे धुते.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकणार? पण एक लिहून ठेवते. त्या दिवशी बाकी सगळ्यांचं झाल्यावर कारकून घाम पुसत पायरीवर थांबला होता. मी घागर घेऊन वर निघालेली. म्हणाला, "अक्का, वर अजून कोण आहे? स्वल्प दम लागलाय." मी म्हटलं, "आमचंच एक घर आहे. उद्या या सावकाश." तुमचीच पोर ना मी, मोठेपणाची हौस मलाही. उद्या तो आलाच नाही.

कट्टा तिथून चारच पायऱ्यांवर होता, अण्णा. तुम्हाला ऐकू गेलं असणार.