महामंडळाचे साहेब

४ जून १९७८, रविवार. कळमनुरी.
हॉटेलातला पेपर दुपारी माझ्याकडे आला. तेलाचे डाग होते, पण खेळाचं पान शाबूत. जगाच्या फुटबॉलला आशिया खंडाच्या मंडळातून एकटा इराण गेलाय. हे सांगायचे, बासष्ट साली आशियात आपण पहिले होतो. पोलिसातले साधे शिपाई, पण हैदराबादच्या मैदानाचं सांगायला लागले की ताटातलं निवून जायचं. आता घरात तसं कुणी बोलत नाही. मी पेपर वाचते, तेवढंच.

संध्याकाळी नांदेड गाडीचा कंडक्टर सदूभाऊ गाडीच्या दारातूनच ओरडला, "वहिनी, रहीम सरचा निरोप हाय! गुरुवारी महामंडळाचे साहेब येऊन राहिले नांदेडला. मधूला धाडा. कागद अन् बूट घिऊन!" अन् डबल बेल दिली.
शिलाईची मशीन तशीच सोडून उभी राहिले. एस.टी.त भरती! रहीम सर मधूच्या बापाच्या टीममधले, आता मधूला फुटबॉल शिकवतात. दोस्ताच्या लेकराची आठवण ठेवली.

८ जून, गुरु.
काल मधूला म्हटलं, नांदेडच्या आगारात जा, भरती आहे. तो म्हणाला, "सरला काय पडलंय एस.टी.चं?" मी म्हटलं, "तुला बाप न्हाई, म्हणून पडलंय."
ट्रंकेतून यांचे पोलिसातले बूट काढले. खोबरेल लावून पुसले. त्याला मोठे होतात, पुढे चिंध्या कोंबल्या.
दिवेलागणीला परत आला. घेतलं! खरंच माणसं घेत होते. गाड्या धुवायच्या, चाकं काढायची. रोजंदारी आहे, पण इथल्याच स्टँडवर. सर काही दिसले नाहीत म्हणाला. शेजारी गूळ-शेंगदाणे वाटले. हे असते तर...

१० जून, शनि.
इराणने एका सामन्यात बरोबरी केली. तेच वाचत होते, तर रहीम सर माझ्या शिलाईच्या दुकानासमोर गाडीतून उतरले. रागात.
"भाभी, मधू काहून न्हाई आला? साहेब दिवसभर ग्राउंडवर बसले."
"आला की. नोकरी लागली त्याला."
"कसली नोकरी?"
मी सांगितलं. सर ओट्यावर बसले ते बसलेच. "एस.टी. न्हाई हो भाभी. आशियाचं महामंडळ. फुटबॉलचं. पोरांच्या शिबिरासाठी निवड होती. बूट म्हणजे खेळायचे बूट."
चहा सांगितला, तो तसाच राहिला.
सदूभाऊने तरी काय चुकीचं सांगितलं? पण कंडक्टरच्या तोंडून महामंडळ ऐकलं, अन् मला लाल गाडीच दिसली. एवढं वाचते, पण विचारलं नाही, कोणतं महामंडळ.

१४ जून, बुध.
मधूला आज सांगितलं. चार दिवस धीर झाला नाही. भाकरी खात होता.
"तरीच," म्हणाला. "उंची मोजली तवा मला वाटलं, एस.टी.ला गोलकीपर लागतो काय."
हसला. पाणी प्यायला. उठून ड्युटीवर गेला. त्यानं आदळआपट केली असती तर मला बरं वाटलं असतं. त्यातही हा बापावर गेलाय.

२८ जून, बुध.
अर्जेंटिनाने करंडक घेतला, घरच्या मैदानावर. दक्षिण अमेरिकेच्या मंडळात देश किती, तर हाताच्या बोटांवर मोजावे. तरी जग जिंकतात. तिथं ज्याचा निरोप त्याला पोचत असेल.
रहीम सर पुन्हा आले होते. साहेब पोळ्यानंतर हैदराबादला येणार. शिबीर महिनाभराचं. मधूला एवढी रजा मिळायची नाही, कामावरून नाव कमी होईल.
मी मधूला म्हटलं, "जा."
"अन् निवडलं न्हाई तर?"
"तर न्हाई."
"तुला सुईत दोरा ओवता येत न्हाई आता. पुन्हा रातदिस मशीन चालवशील?"
मी चिडून ओवून दाखवायला गेले. नाही जमलं. त्यानं हातातून सुई घेतली, ओवून दिली.
मंगळवारी सरांना उत्तर द्यायचंय.

२ जुलै, रवि.
दुकानातून स्टँड दिसतो. मधू बादली घेऊन गाडी धूत होता. पलीकडे पोरं खेळत होती. त्यांचा चेंडू घरंगळत आला तो बराबर त्याच्या पायाशी. त्यानं न बघता तळव्याखाली धरला. अगदी यांच्यासारखा. माझे हात थांबले.
पोरं ओरडली, "ओ काका, मारा ना!"
काका. मिसरूड नीट फुटलं नाही अजून. खाकी घातल्यावर तेवढं होतंच.
बराच वेळ पाय चेंडूवर. मी मनात म्हणत होते, मार, मार. मग त्यानं बादली खाली ठेवली, वाकला, चेंडू हातानं उचलला अन् नेऊन दिला.
फुटबॉल हातानं.
घरी आल्यावर विचारलं, "मंगळवारी सरांना काय सांगू?"
"सांग काहीबी," म्हणाला, आणि भाकरी वाढून घेतली.