पुस्तकात नसलेली मुलगी

दि. ११ फेब्रुवारी

चि. चिमणे,

मामाचे आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. वाचनालय रोज उघडतो, फाटक्या पुस्तकांना डिंक लावतो, कव्हरं चढवतो, जेवतो. गुडघा हल्ली कुरकुरत नाही. किंवा कुरकुरत असेल, मला कळत नाही.

कादंबऱ्यांच्या नावांची गंमत सांगतो. मी वाचनालय सुरू केलं तेव्हा एका शब्दाची नावं असायची, तीही कडकडाटी. फळी बघूनच छातीत धस्स व्हायचं. मग लांबलचक वाक्यांची फॅशन आली. मी पुस्तकाच्या पाठीवर हातानं नाव लिहितो ना, निम्म्यातच जागा संपायची. लोकही मग निम्म्याच नावानं पुस्तक मागायचे. आता बघावं तर कुणाची तरी मुलगी, नाहीतर बायको, नाहीतर सून. फळीवर नुसता गोतावळा जमलाय.

हे आठवलं, कारण संपादकबाई येऊन गेल्या. तुझ्या आईनं शिलाईच्या दुकानात बसून लिहिलेली कादंबरी त्या छापतायत. आईनं नाव घातलं नव्हतं, आणि आता विचारायला ती नाही. बाईंनी नाव आणलंय : ‘टेलरबाईची मुलगी’.

“अहो, पण आत मुलगीच नाही,” मी म्हटलं. “टेलरबाई आहे, तिचा भांडकुदळ भाऊ आहे. मुलगी कुठाय?” (भांडकुदळ म्हणे! मी!)

“मामा, हल्ली असंच नाव चालतं. घालू की एखाद्या प्रकरणात मुलगी.”

मुलगी का नाही ते आपल्या दोघांना ठाऊक आहे. घर सोडताना तू दारात म्हणालीस, “माझ्याबद्दल एक ओळ लिहिलीस तर तुझं-माझं संपलं.” आईनं ते तंतोतंत पाळलं. तू शेवटच्या दिवशीही आली नाहीस. मी रागावलेलो नाही. राग यायला हवा होता, तोही आला नाही. तिला पोचवून आलो आणि वाचनालय उघडलं. एक बाई पुस्तक बदलून घेऊन गेल्या. लोक म्हणतात, म्हातारा दगड आहे. असेन.

संपादकबाईंना बजावलंय, नवी मुलगी आत घालायची नाही. नावाचं मात्र तू ठरव, वारस म्हणून सही तुझीच लागणार. नको म्हणालीस तर दुसरं नाव शोधू, मी शब्दानं विचारणार नाही.

पण एवढं ऐक. हे नाव वाचून लोक आत मुलगी शोधतील. मीही शोधली, पानन् पान. नाहीस तू. फक्त एका प्रकरणात टेलरबाई दुकान बंद झाल्यावर एक फ्रॉक काढते, उसवते आणि थोडा मोठा करून पुन्हा शिवते. दर वर्षी. कुणासाठी, ते लिहिलेलं नाही. एकदा उशिरा आलेलं एक गिऱ्हाईक विचारतं, तर ती मान वर न करता म्हणते, “ऑर्डर आहे.”

तिथे मी पुस्तक मिटलं. रडू आलं नाही. अजून आलेलं नाही.

तुझ्या होकाराला आणि नकाराला सारखाच तयार असलेला,
तुझा मामा