कलम चार आणि मोठ्या सरांचे शेरे

५ जानेवारी, सोमवार
टर्मचा पहिला दिवस. संकल्प तीन. रोज ही वही लिहिणे. चहात साखर अर्धा चमचा. शिकवण्यात एआयचा नैतिक वापर कसा करावा, याचं डिपार्टमेंटचं धोरण महिन्याच्या आत एकहाती पूर्ण करणे. हेडबाईंनी मीटिंगमध्ये हे काम कोण घेणार विचारलं तेव्हा सगळे टेबलाकडे बघत होते. मी चष्मा सारखा करायला हात वर केला. बिझनेस एथिक्स मीच शिकवतो, तेव्हा योग्य माणसाचाच हात वर गेला म्हणायचा.

७ जानेवारी, बुधवार
धोरणाला दणक्यात सुरुवात. शीर्षक झालं. फॉन्ट ठरला.

१२ जानेवारी, सोमवार
एकशे चाळीस असाइनमेंट येऊन पडल्या. एआयला शेरे लिहायला सांगितले. सगळ्यांना एकच: ‘उत्तम प्रयत्न, आणखी सुधारणेस वाव आहे.’ बायकोला फोनवर वाचून दाखवला. ती म्हणाली, लिफ्टमधली बाई मजला सांगते तसं वाटतंय.
समोरच्या खुर्चीकडे लक्ष गेलं. मोठे सर दोन वर्षांपूर्वी गेले. अकरा वर्षं आम्ही डिपार्टमेंटच्या या खोलीत समोरासमोर बसलो. एका बॅचचे पेपर तपासायला त्यांना तीन आठवडे लागायचे. मी त्यांना बैलगाडी म्हणायचो, तोंडावरसुद्धा. हिरव्या पेनाने शेरे, आणि पेपर परत देण्याआधी प्रत्येकाची झेरॉक्स. उद्या माझीच चूक निघाली तर दाखवायला कागद हवा, म्हणायचे.
एक कल्पना सुचली आहे. फार चांगली आहे.

१४ जानेवारी, बुधवार
मोठ्या सरांच्या घरी गेलो. वहिनींना म्हटलं, सरांच्या शेऱ्यांचा संग्रह करतोय. यात खोटं काही नाही, संग्रह होणारच आहे. वहिनींनी झेरॉक्सची तीन खोकी काढून दिली. क्रम बिघडवू नका एवढंच म्हणाल्या. हल्ली त्या फार बोलत नाहीत. खोकी खाली आणायला त्यांच्या मुलीने हात लावला. ती माझ्याच वर्गात आहे. तिसरी रांग. किंवा चौथी.

१९ जानेवारी, सोमवार
झेरॉक्सवाल्याने सगळं स्कॅन करून दिलं. एआयला वाचायला घातलं आणि म्हटलं, आता असं लिही.
पहिला शेरा आला: ‘बाळ, मुद्दा बरोबर, घाई चूक. यात ज्याचं नुकसान झालं, त्याला कोणी विचारलं का?’
अंगावर काटा आला. हुबेहूब. वाचून झाल्यावर मी समोरच्या खुर्चीवरची माझी बॅग उचलून खाली ठेवली. का, ते सांगता येत नाही.

२१ जानेवारी, बुधवार
नऊ शेरे शब्दन्‌शब्द वाचले. नऊही उत्तम. तेव्हा उरलेले एकशे एकतीसही उत्तमच असणार. याला सॅम्पलिंग म्हणतात, मी ते दुसऱ्या वर्षाला शिकवतो. शेरे आपोआप जातील अशी सोय करून टाकली. शेवटी बारीक अक्षरात ‘एआयच्या साहाय्याने’ असं येतं. नैतिकता म्हणजे हेच.

२७ जानेवारी, मंगळवार
विद्यार्थी खूश. एक जण जिन्यात थांबवून म्हणाला, सर, तुम्ही इतकं बारकाईने वाचता हे माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. पण नम्रपणे मान हलवली.
मोठ्या सरांची मुलगी तास संपल्यावर थांबली होती. शेऱ्याचा कागद हातात होता. थँक यू सर म्हणाली आणि गेली. डोळे ओले होते. माझ्या शिकवण्याचा असा परिणाम याआधी झालेला नाही.

३० जानेवारी, शुक्रवार
धोरण तयार. हेडबाईंनी कलम चार मोठ्याने वाचून दाखवलं: ‘यंत्राने लिहिलेला प्रत्येक शेरा शिक्षक स्वतः वाचेल, आणि पटला तरच पाठवेल.’ टाळ्या पडल्या. बोर्डावर लागलं. मेलने सगळ्या विद्यार्थ्यांना गेलं.
गंमत म्हणून धोरण त्याच एआयला दिलं. शेरा: ‘कलम चार छान. हे कोण पाळणार आहे?’
खिडकी बंद होती. तरी खुर्चीची पाठ जरा हलल्यासारखी वाटली. स्क्रू सैल असणार. शिपायाला सांगायला हवं.

५ फेब्रुवारी, गुरुवार
ती मुलगी एकच असाइनमेंट पुन्हा पुन्हा पाठवते आहे. लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीची केस. आज चौथ्यांदा. किती ही तळमळ. सवडीने वाचेन. शेरे जाताहेतच.
साखर पुन्हा एक चमचा. कामाचा ताण.

१० फेब्रुवारी, मंगळवार
ऑफिसचा गठ्ठा साचला होता. चौतीस फॉर्मवर दहा मिनिटांत सह्या केल्या. मोठ्या सरांना याला दोन दिवस लागले असते. खुर्चीकडे बघून तसं म्हटलंही.

१२ फेब्रुवारी, गुरुवार, दुपारी
सकाळचं सगळं लायब्ररीत बसून लिहितो आहे.
ऑफिसातल्या बाई आल्या. म्हणाल्या, सर, कोर्स सोडायचा एक अर्ज तुम्ही मंजूर केलाय, एक शंका आहे. पालकांच्या संमतीच्या रकान्यात मुलीने ‘वडिलांची आहे’ असं लिहिलंय. आणि हिचे वडील म्हणजे आपले मोठे सर ना?
खाली माझी सही. चांगली ठसठशीत.
बाई गेल्यावर तिच्या असाइनमेंटचे चारही खर्डे उघडले. पहिल्यांदाच. चौथ्या खर्ड्यात, केस संपल्यावर, खाली चार ओळी होत्या. बाबा, आई दिवसभर भिंतीकडे बघत बसते. मावशीच्या गावी मला नोकरी मिळते आहे, आईलाही तिथे सोबत होईल. कोर्स सोडू का?
त्याखाली माझ्या नावाने गेलेला शेरा: ‘बाळ, मुद्दा बरोबर. ज्याचं नुकसान होणार, त्याला विचारलंस का? विचारलं असशील तर जा. मी आहे.’
मी आहे. हे दोन शब्द कुठून आले म्हणून खोकी उपसली. क्रम बिघडला. सापडले. एका नापास मुलाच्या पेपरवर, हिरव्या पेनाने: ‘जमलं नाही तर येऊन भेट. मी आहे.’
शेरे थांबवले. बॅग घेऊन लायब्ररीत जाऊन बसलो. खोलीत बसवेना.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार
ठरवलं होतं: शांतपणे सांगायचं की हा तांत्रिक दोष होता. मुलीला बोलावलं. तांत्रिक एवढाच शब्द निघाला.
ती म्हणाली, एआय आहे हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं सर, खाली लिहिलेलं असतं. बाबा नाहीत हे मला कळतं. पण शब्द त्यांचे होते, ऐकावेसे वाटायचे. म्हणून लिहीत राहिले.
मी विचारलं, मग यंत्राच्या सांगण्यावरून अर्ज कसा दिलास?
म्हणाली, यंत्राच्या नाही. तुम्ही धोरणात लिहिलंय ना, प्रत्येक शेरा तुम्ही वाचता आणि पटला तरच पाठवता. बाबांना अकरा वर्षं जवळून बघितलेला माणूस हे वाचतो आणि जाऊ देतो, म्हणजे बाबाही हेच म्हणाले असते, असं मला वाटलं. त्यावर तुम्ही अर्जावर सहीसुद्धा केलीत.
मला खूप लाज वाटली. इथे तरी लिहून ठेवतो. तिला मी म्हटलं की सध्या कामाचा फार ताण आहे.

१६ फेब्रुवारी, सोमवार
नियम सापडला. शिक्षकाने सविस्तर कारणांचं पत्र दिलं आणि विद्यार्थ्याची तयारी असली तर अर्ज शुक्रवारपर्यंत मागे घेता येतो. पत्र मी लिहिणार. स्वतः. यंत्राविना. तासाभराचं काम.

१७ फेब्रुवारी, मंगळवार
‘सदर विद्यार्थिनी’ इथपर्यंत झालं.

१८ फेब्रुवारी, बुधवार
तिच्याबद्दल काय लिहायचं तेच माहीत नाही. रांगसुद्धा धड माहीत नाही. तिची असाइनमेंट वाचायला घेतली. सगळे चार खर्डे, सकाळी दहा ते चार. चांगलं लिहिते. लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसाचं काय झालं हे तिने कंपनीला नाही, त्याच्या बायकोला जाऊन विचारलं आहे. एकशे चाळिसांत हे आणखी कोणी केलं का, ते मी सांगू शकत नाही.
सहा तासांत खुर्चीकडे एकदाच बघितलं. मोठ्या सरांना तीन आठवडे का लागायचे ते आज कळलं. त्यांना हे सांगावंसं वाटलं.

१९ फेब्रुवारी, गुरुवार
पत्र झालं. दीड पान. बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, पहिल्या पानावर तूच जास्त आहेस. एक परिच्छेद काढला. बाकीचे राहू दिले, संदर्भासाठी लागतात.
हे पत्र वाचून ती थांबेल. मला खात्री आहे. मनापासून लिहिलेलं माणसाला कळतं.

२० फेब्रुवारी, शुक्रवार
ती अकराला आली. बस म्हटलं तर समोरच्याच खुर्चीवर बसली. दोन वर्षांत तिथे कोणी बसलं नव्हतं. पत्र सावकाश वाचलं, मग पुन्हा पहिल्यापासून. मी चहात साखर ढवळत होतो.
म्हणाली, तुम्ही खरंच वाचलंत सर, लिफ्टमध्ये अडकलेल्याच्या बायकोचं लिहिलंय त्यावरून कळतं. मी म्हटलं, सगळं वाचलं. म्हणाली, आणि हे पत्र यंत्राचं नाही, बाबांच्या धाटणीचंही नाही, अगदी तुमचंच आहे, पहिल्या ओळीतच कळलं.
मला फार बरं वाटलं. म्हटलं, मग?
तिने कागदाची नीट घडी घालून ती माझ्यापुढे ठेवली. म्हणाली, अर्ज तसाच राहू द्या, आईला मी विचारलंय, तिला जायचंय.
मग आईने खोकी मागितली आहेत म्हणाली. तिन्ही खोकी आम्ही दोघांनी मिळून खाली नेऊन दिली.