भंडारा उचलायचा कोणी

सातपूर,
३ जानेवारी २०२५

ती. कुसावहिनीस,
उज्वलाचा सा. न. वि. वि.

फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून लिहिते. आपल्या बांधावरून पुंजाभाऊंच्या मळ्यात जाणारी बैलगाडीची वाट तुझा योगेश पोल्ट्रीच्या शेडसाठी बंद करतोय. दादांनी ती वाट कायमची दिली होती, असं पुंजाभाऊ म्हणतात. कागद नाही, दादाही राहिले नाहीत. पुढच्या रविवारी, १२ तारखेला, खंडोबाच्या देवळात तू हळदीचा भंडारा उचलून शपथेवर सांगशील ते गाव मानणार आहे म्हणे. वहिनी, आठवत नाही एवढंच म्हण. मी खोटा भंडारा उचलला तर माझा हात थरथरेल. तू तर देवच मानत नाहीस, तुला कसली भीती? पोराचा धंदा उभा राहील.

लोभ आहे तो कमी करू नकोस.
तुझी,
उज्वला

मळ्यातून,
७ जानेवारी

चि. सौ. उज्वलास,
अनेक आशीर्वाद.

तुझी युक्ती वाचून मी एकटीच हसले. देव मानणारीने घरी बसायचं आणि न मानणारीने त्याच्यापुढे खोटं बोलायचं, ही वाटणी बरी आहे.

सहा वर्षांपूर्वी हे गेल्यापासून मी देवाशी बोलत नाही, हे खरं. वाचनालयातली पुस्तकं वाचून मला वाटतं, कोर्टकचेऱ्या नव्हत्या तेव्हा माणसांनी शब्द पाळला जावा म्हणून देवाला साक्षीला बसवलं. त्याच देवाच्या नावाने माणसांना पाणवठ्यावरून हाकललं, तेही वाचलंय. पण मला खरं बोलायला शिकवणारे सगळे देवभोळेच होते. बाजारात एक वांगं जास्त आलं तरी आई परत द्यायला जायची, देव बघतोय म्हणायची. माझा देव सुटला, ती सवय सुटत नाही. तिचं काय करू, तूच सांग.

आणि वाट दिली तेव्हा तू माहेरी आलेली होतीस, चहाही तूच केलास. पुंजाभाऊंच्या विहिरीवर आपले कांदे जगले, म्हणून हे त्यांना म्हणाले, ही वाट तुझी, माझ्यामागेही तुझीच. मी तेच सांगणार आहे.

रागावलीस तरी लोभ ठेव.
कुसा

मळ्यातून,
१४ जानेवारी, संक्रांत

चि. सौ. उज्वलास,
अनेक आशीर्वाद.

तिळगूळ योगेशबरोबर पाठवतेय. लाडू कडक झालेत, दात सांभाळ.

रविवारी पुंजाभाऊ माझ्याकडे बघतच नव्हते. त्यांची बायको भागीबाई नुसता पदर पिळत होती. मी हात पुढे केला तेवढ्यात योगेश उठला. म्हणाला, सकाळीच आत्याचा फोन आला होता, वाट बाबांनीच दिली, तिने स्वतः ऐकलंय. आईला भंडारा उचलायला लावू नका, शेड मी आत घेतो. घरी येऊन दोन दिवस माझ्यावर रुसला होता, जेवला मात्र पोटभर.

तुझा हात फोन करताना थरथरला का, ते विचारत नाही.

ताटात भंडारा तसाच राहिला होता. सगळे पांगल्यावर मी चिमूटभर घेतला. यांच्या कपाळी तो रोज असायचा. सहा वर्षांनी मी स्वतःच्या कपाळाला लावला आणि मनातल्या मनात यांना सांगितलं, पुंजाची बैलगाडी उद्यापासून चालू.

लोभ होताच, या आठवड्यात थोडा वाढलाय.
तुझी वहिनी,
कुसा