आधी वाचायचं, मग सांगायचं

माय, यंदा वर्षावासात आपल्या विहारातल्या ग्रंथवाचनासाठी मला बोलावलं आहे. कॉलेज सुटलं की सीताबर्डीहून बस धरून मी कामठीला येते. पहिल्या संध्याकाळी मी वर्गात शिकवते तशीच वाचत गेले. अवघड शब्दांचे उच्चार आधीच तपासून ठेवले होते, कुठे थांबायचं तिथे पेन्सिलीनं खुणा केल्या होत्या. चूक एकही झाली नाही. बायका हात जोडून ऐकत होत्या. संपल्यावर मात्र कोणी काही विचारलं नाही. तुझ्यासोबत यंत्रमागावर कांड्या भरायची ती शेजारची काकू एवढंच म्हणाली, "लय मोठी मॅडम झाली वं तू," आणि माझ्यासाठी खुर्ची घेऊन आली. बाकी सगळ्या सतरंजीवर होत्या. मी खुर्चीत बसले, आणि मग काय म्हणून उठावं ते सुचेना.

बसमध्ये मला आपली चूल आठवत राहिली. मी पाचवीत होते. घरात शाळेत गेलेली मी पहिलीच, म्हणून विहारात वाचायला तू मला पुढे केलं होतंस. मी धडाधडा वाचलं, सगळ्यांनी कौतुक केलं. घरी येऊन तू भाकरी थापते आहेस. मागांच्या खडखडाटात दिवस काढून तुझा आवाज कायमचा चढलेला, अख्ख्या गल्लीला ऐकू जातो. "काहून वं, तुही गाडी सुटून राहिली होती का? मले काहीच समजलं नाही." मी पुन्हा वाचू लागते तर तू पिठाच्या हातानं पुस्तक मिटतेस. "वाचू नको. सांग." तेव्हापासून तो नियमच झाला. आधी चुलीपाशी तुला आपल्या बोलीत सांगायचं, तुला पटलं तरच विहारात जायचं, आणि तिथेही वाचून झालं की सांगायचं.

पुढे शहरात लोक हसले आणि मी ती बोली सोडली. नव्या भाषेनं मला नोकरी दिली, कुठल्याही कचेरीत मान वर करून बोलायला शिकवलं. तिला मी नावं ठेवणार नाही.

दुसऱ्या दिवशी मी सरळ सतरंजीवर बसले. पान वाचलं, पुस्तक मिटलं आणि आपल्या बोलीत सांगू लागले. शब्द आठवत होते, पण नाटकात काम केल्यासारखं वाटत होतं. मागच्या पोरी हसल्या. मी थांबले.

"थांबू नको नं वं, समजून राहिलं," काकू म्हणाली. मग जरा पुढे सरकून तिनं विचारलं, "पण सिद्धार्थाच्या बायकोनं त्याले जाऊ कसं देलं?"

त्यावर सगळ्याच बोलायला लागल्या. मला मधे पडायलाही जागा उरली नाही.

हे मी कागदावर लिहिते आहे, आणि तुला तर वाचता येत नव्हतं. तू असतीस तर तुला सांगावंच लागलं असतं. मघापासून स्वयंपाकाच्या ओट्यापाशी उभी राहून तेच करून पाहते आहे. "माय, मले..." इथपर्यंत जमतं. पुढचं अजून वाचल्यासारखंच येतं.