शकूचा डावा हात

३ मे १९५४, सोम.
आधी टपकल्या त्या वन्सं, पावस गावाहून. "वहिनी, पेटी हळू उतरवा हो, दिनूपेक्षा आंबे जपून आणलेत!" मागून दिनू, त्यांचा धाकटा. मुंबईस डॉक्टरी शिकतो. अंगावर मांस म्हणून नाही मेल्याच्या. पण मला इतका आनंद झाला! लगेच रस काढायला घेतला. त्यानं आमच्या नातीला, शकूला, विचारलं, "नाव काय गो तुझं?" "श... श..." पुढे सरेचना. सूनबाई म्हणाली, संक्रांतीपासून असंच, दृष्ट लागलीय. मी खाली मान घालून कोयी पिळत राहिले.

४ मे, मंगळ.
दिनूनं नारळ फोडून दाखवला. करवंटीत खोबरं तसा कवटीत मेंदू. दोन भाग. आणि गंमत अशी की उजवा भाग डावा हात हलवतो, डावा उजवा! शिरा मानेशी एकमेकींना ओलांडतात म्हणे. मी हसले, हे कुठलं उलटं घर! मग म्हणाला, बोलायची जागाही मेंदूतच, हाताच्या जागेशेजारी. डावऱ्या मुलाचा हात जबरीनं बदलला की कधी कधी जीभ अडते, असं काही डॉक्टर मानतात. "मामी, शकू डावरी आहे का?"
म्हटलं, छे. साफ खोटं.

५ मे, बुध.
इथे तरी लिहिते. दिवाळीपासून जेवताना तिचा डावा हात मी चिंधीनं पाटाला बांधत होते. सूनबाई आत भाकऱ्या थापत असायची. नंतर मीच सोडायची, गूळ द्यायची, आईला सांगू नको म्हणायची. डाव्या हातानं जेवणारी पोर उद्या कोणाच्या पंगतीत बसवतील? चांगल्यासाठीच हो, पण...
पोरीनं खरंच कोणाला सांगितलं नाही.
सूनबाई रोज तिन्हीसांजेला मीठमोहऱ्या ओवाळते. शकू नीट बोलेपर्यंत आंबा सोडलाय तिनं. अन् मी समोर बसून चाटूनपुसून खाते.

६ मे, गुरु.
सूनबाईला सांगितलं. चुलीपाशीच. वाटलं रडेल, ओरडेल. एवढंच म्हणाली, "सासूबाई, मी दृष्ट काढायची तेव्हा तुम्ही बघत बसायचात." दुपारी शकूचं पान माझ्याजवळून उचलून आपल्या शेजारी मांडलं. शकूनं डावा हात उचलला, आधी माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली. रसाची वाटी मी बाजूला सारली.
दिनूला विचारलं, सुटेल का रे जीभ? म्हणाला, "नक्की नाही सांगता येत, मामी. तिला बोल बोल करू नका, बोलली तर मधे शब्द पुरवू नका."
तिसऱ्या प्रहरी वन्सं नि दिनू गेली दोघं. शकूला बघायला पुढल्या गुरुवारी येतो म्हणाले, तेरा तारखेस.